हात वर होता

मोटारसायकलींच्या शर्यतीत, नाशिकबाहेरच्या माळावर, पिटमध्ये दोन गाड्यांची टक्कर झाली. ऐंशीच्या दशकाची पहिली वर्षे होती. संक्रांतीनंतरचा रविवार, दुपार कलण्याची वेळ. पुण्याच्या एका स्वाराचा पाय मोडला. चौकशी त्याच संध्याकाळी झाली. दोष दौलत पगारे नावाच्या मेकॅनिकवर आला आणि क्लबने त्याला कायमची बंदी घातली.

एवढी बातमी मी तेव्हा लिहिली होती. ती खोटी नव्हती — म्हणजे तिच्यातले एकेक वाक्य कोणी तपासले असते तर खरे निघाले असते. तिच्यात जे नव्हते, ते मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही. बायकोला नाही, संपादकांना नाही. ज्याला सांगायला हवे होते त्याला तर नाहीच. मग तुम्हालाच का सांगतो आहे? तुम्ही त्या माळावर नव्हता, म्हणून असेल. तुमच्या डोळ्यांत मला काही वाचावे लागणार नाही.

मी तेव्हा नाशिकच्या एका दैनिकात बातमीदार होतो. नगरपालिका, कोर्ट, अपघात, आणि रविवारी जे काही खेळ होतील ते. आमच्या मुख्य उपसंपादकांनी मला पहिल्या आठवड्यात एकच गोष्ट शिकवली होती — पाहिलेस ते लिही, वाटले ते लिहू नकोस. ती मी नीट शिकलो. पुढे तिचा उपयोग कशासाठी केला, ते येईलच.

शर्यत भरवणारा क्लब लहान होता. गाड्या विकणारे एक व्यापारी, एक डॉक्टर, एक निवृत्त मेजर आणि मोटारसायकलींचे वेड असलेली काही तरुण मंडळी. माळावर चुन्याच्या रेघा मारून वाट आखायची, वळणांवर पेंढ्याचे भारे ठेवायचे, एका बाजूला मांडव. लोक सायकलींवर येत, ट्रॉल्या भरून येत. ओल्या हरभऱ्याच्या जुड्या विकणाऱ्या बायका वळणाच्या अगदी कडेला बसत आणि धूळ उडाली की पदराने जुड्या झाकत. क्लबकडे माणसांची नेहमी टंचाई असे. म्हणून शाळेतले मास्तर, बँकेतले कारकून, कोणालाही दंडाला फीत बांधून कामाला लावत. त्या वर्षी मला लावले. बातमी तर करायचीच आहे, मग पिटमध्ये उभे राहा ना, मेजर म्हणाले. पत्रकार म्हणजे तटस्थ माणूस.

पिट म्हणजे काय, ते सांगायला हवे, नाहीतर पुढचे कळणार नाही. शर्यत लांब पल्ल्याची असे. मध्येच पेट्रोल भरायला गाडी वाटेवरून उतरून शेजारच्या एका अरुंद गल्लीत येई. त्या गल्लीच्या कडेने चुन्याचे चौकोन आखलेले, प्रत्येक स्वाराचा एक. तिथे त्याचा मेकॅनिक पेट्रोलचा डबा आणि नरसाळे घेऊन तयार. नियम असा की पेट्रोल भरताना इंजिन बंद हवे. आणि तापलेले इंजिन किकवर लवकर सुरू होत नसे. म्हणून आमच्याकडे सगळे धक्का मारत. स्वार गिअर टाकून क्लच दाबून बसे, मेकॅनिक मागून दोन्ही हात लावून, मान पार खाली घालून गाडी ढकलत पळे, आणि वेग आला की स्वार क्लच सोडी.

आता नीट बघा. स्वाराची नजर पुढे. मेकॅनिकची नजर जमिनीवर. मागून दुसरी गाडी गल्लीत शिरते आहे की नाही, ते दोघांपैकी कोणालाच दिसत नाही. ते पाहण्यासाठी तिसरा माणूस. त्याच्या उजव्या हातात हिरवा झेंडा, डाव्या हातात लाल. गल्ली मोकळी असेल तर हिरवा वर करायचा. मेकॅनिक मान खाली घालण्याआधी एकदाच त्याच्याकडे बघणार. हिरवा वर दिसला की ढकलणार. बस्स.

तो तिसरा माणूस मी होतो.

दौलत हा काही गरीब गाय नव्हता. तसा तो असता तर मला हे सांगायला सोपे गेले असते, आणि तुम्हाला ऐकायलाही. तो बडबड्या होता, भांडखोर होता, आणि आपल्यासारखा मेकॅनिक अख्ख्या जिल्ह्यात नाही हे दुसऱ्याने म्हणण्याची वाट न पाहता स्वतःच सांगायचा. पंचवटीत त्याचे छोटे गॅरेज होते. राहायला शहरातल्या बौद्ध वस्तीत. त्या रविवारी वस्तीतली माणसे टेम्पो करून त्याला बघायला आली होती, कारण त्याने आठवडाभर सगळ्यांना सांगून ठेवले होते — दक्षिणेतल्या एका मोटारसायकल कारखान्याचा माणूस येणार आहे, त्यांच्या शर्यतीच्या तुकडीसाठी मेकॅनिक बघायला. ते खरे होते. तो माणूस आला होता. पांढऱ्या टोपीत मांडवात बसला होता. दौलतची शर्यत त्या माळावर नव्हतीच. ती त्या टोपीखालच्या दोन डोळ्यांसमोर होती.

सकाळी फीत बांधून मी पिटमध्ये आलो तेव्हा तो मोठ्याने म्हणाला, "काय पेपरवाले, आज झेंडा का पेन? एकच काय ते धरा. दोन्ही नाय जमायचं."

सगळे हसले. मीही हसलो. खिशात पेन होते आणि वहीही होती.

त्याचा स्वार विलास. मखमलाबादकडच्या फुलशेती करणाऱ्या घरातला, विशीतला, देखणा. गाडी वडिलांच्या पैशाची होती, पण तिला पळती केली होती ती दौलतने. शर्यत निम्मी झाली तेव्हा विलास तिसरा होता, आणि तिसरा राहणार नव्हता हे बघणाऱ्या कोणालाही कळत होते. तो पेट्रोलसाठी आत आला. दौलतने इंजिनावर ओले पोते टाकले, नरसाळे लावले. मांडवातला पांढरा टोपीवाला उठून उभा राहिला.

त्याच वेळी पलीकडच्या सरळ वाटेवर पहिले दोघे जोडीने चालले होते. कोण पुढे आहे? मला ते हवे होते. झेंडेवाल्याला त्याची काही गरज नव्हती. बातमीला होती. ऊन नेमके समोरून होते. नुसता उजेड दिसत होता, क्रमांक दिसत नव्हते.

मी उजवा हात कपाळावर धरला. उन्हाची तिरीप अडवायला धरतात, तसा.

त्या हातात हिरवा झेंडा होता.

किती वेळ? पुढच्या गाडीचा क्रमांक वाचण्याइतका. आवाज झाला तेव्हा मी तो वाचत होतो. टक्कर मी पाहिलीच नाही. हेही मी कधी कोणाला सांगितलेले नाही — बातमीत ती मी प्रत्यक्ष पाहिल्यासारखी लिहिली आहे. मी वळलो तेव्हा विलासची गाडी गल्लीत आडवी होती. पुण्याच्या सदानंदची गाडी तिच्यावर चढून उलटी झाली होती आणि मागचे चाक अजून फिरत होते. सदानंद खाली होता. दौलत दोघांच्या मध्ये उभा होता. तो जखमीकडे बघत नव्हता. तो माझ्याकडे बघत होता. माझा हात अजून कपाळावर होता आणि हिरवे कापड उलगडून कोपरापर्यंत आले होते.

लोक धावले. मी काय केले? मी हात खाली घेतला आणि झेंडा गुंडाळला. घट्ट, नीट, काठीभोवती. मग धावलो.

संध्याकाळी मांडवात चौकशी बसली. मेजर, डॉक्टर आणि व्यापारी. पिटमधल्या टकरीबद्दल क्लबचे नियम साधे होते. आत येणारा माणसाच्या धावेपेक्षा जोरात आला असेल तर दोष त्याचा. स्वाराने धक्का नसताना स्वतःहून गाडी काढली असेल तर दोष त्याचा, आणि तो शर्यतीतून बाद. मेकॅनिकने हिरवा नसताना ढकलले असेल तर स्वार बाद आणि मेकॅनिकला बंदी — कारण झेंड्याविना ढकलणे हा त्या माळावरचा सगळ्यात मोठा गुन्हा होता.

आणि झेंडेवाल्याची चूक असेल तर?

तर काही नाही. हे मी नंतर मेजरांकडे बसून नियम वाचताना पाहिले असे नव्हे. ते मला त्या वेळीच ठाऊक होते, सकाळी फीत बांधताना त्यांनीच सांगितले होते. झेंडेवाले हौशी, त्यांना शिक्षा ठेवली तर उभे कोण राहणार? माझ्या दंडावरची फीत गेली असती. पुढच्या वर्षी मला बोलावले नसते. माझ्या चुकीची सगळी किंमत एवढीच होती. तुम्हाला वाटले असेल, मी नोकरीच्या भीतीने गप्प बसलो, तुरुंगाच्या भीतीने गप्प बसलो. तसे असते तर त्याला निदान भीती म्हणता आले असते.

मला खुर्ची दिली. चहा दिला. दौलत उभा होता. त्याला कोणी बस म्हटले नाही. मांडवाच्या कनातीबाहेर त्याच्या वस्तीतली माणसे उभी होती आणि त्यांच्या सावल्या कापडावर दिसत होत्या.

विलासला विचारले. तो म्हणाला, मला मागचे काय दिसणार, दौलतने ढकलले, मी क्लच सोडला. त्यात खोटे काही नव्हते. दौलतला विचारले. तो म्हणाला, हिरवा वर होता. मेजर माझ्याकडे वळले. त्यांचा स्वर बदलला, म्हणजे मऊ झाला.

"तुम्ही हिरवा झेंडा दिला होता?"

"नाही," मी म्हणालो.

हे खरे होते. मी झेंडा दिला नव्हता. मी डोळ्यांवर सावली धरली होती. पाहिलेस ते सांग, वाटले ते सांगू नकोस. मी तोलून, मोजून, बातमीदारासारखे उत्तर दिले होते.

दौलत पुढे आला. "साहेब, त्यांना एवढंच विचारा. हात वर होता का नव्हता?"

मेजर म्हणाले की हाताचा प्रश्नच नाही, प्रश्न झेंड्याचा आहे, आणि त्याचे उत्तर मिळाले आहे. डॉक्टरांनी मान हलवली. व्यापाऱ्यांनी घड्याळात पाहिले. पुढचे वाक्य माझ्या तोंडात तयार होते — पण हात वर गेला होता. लहान वाक्य आहे. एका दमात म्हणता येते. तेवढी फट तिथे होती. मेजर वाक्य संपवून पाणी प्यायला थांबले होते. मी कपबशी खाली ठेवली. नीट ठेवली, आवाज होऊ न देता.

निकाल लिहिला गेला. विलास बाद. दौलत पगारेवर क्लबच्या सर्व शर्यतींमध्ये कायमची बंदी. पांढरा टोपीवाला तोवर मांडवाबाहेर जाऊन मोटारीत बसला होता. बंदी असलेला माणूस कोणता कारखाना ठेवून घेणार? त्याने कोणाला काही विचारलेही नाही.

रात्रपाळीला मी बातमी दिली. संकेताची वाट न पाहता गाडी ढकलल्याने टक्कर झाली, असे चौकशी समितीला आढळून आले. समितीला तसे आढळले होते, यात शंका नाही. दुसऱ्या दिवशी संपादक म्हणाले की स्वतः तिथे उभे असूनही स्वतःला बातमीत आणले नाही, याला संयम म्हणतात. नव्या मुलांना ते कात्रण दाखवत.

दोन दिवसांनी मी इस्पितळात सदानंदला भेटलो. पाय वजनाला टांगलेला. नडगीचे दोन तुकडे झाले होते; तिथले डॉक्टर त्याला पुन्हा स्वार होता येईल असे म्हणत नव्हते. मी वही काढली. त्याने स्वतःच सांगितले की तो जोरात आला होता, टाकी कोरडी पडली होती आणि घाई झाली. "माझंही चुकलंय," तो म्हणाला. "सगळं त्या मेकॅनिकवर टाकू नका. हेही छापा."

मी ते लिहून घेतले. छापले नाही. का? कारण ते छापले असते तर चौकशी पुन्हा उघडली असती, आणि उघडल्यावर पुन्हा कोणीतरी हाताबद्दल विचारले असते. तेव्हा मी स्वतःला कारण असे दिले की जखमी माणूस औषधांच्या गुंगीत होता. तो गुंगीत नव्हता. त्याने मला शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याचा एक विनोदही सांगितला होता.

दौलत गप्प बसला नाही. गप्प बसणे त्याला कधी आलेच नव्हते. गॅरेजमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला तो सांगायचा — हात वर होता. चहाच्या टपरीवर, पेट्रोलपंपावर, रविवारी बाजारात. आधी लोक ऐकत. मग हसू लागले. मग गंमत झाली. तो रस्त्याने निघाला की टपरीवरची मुले दोन्ही हात वर करून उभी राहत. "दौलत, हात वर!" सिनेमातल्या पोलिसांसारखे. त्याने एकाच्या तोंडात मारली. त्या मुलाचे काका नगरसेवक होते. गिऱ्हाईक कमी झाले. गाडी उत्तम नीट करणारा पण डोक्याने जरा हललेला, असे लोक म्हणू लागले. मी एकदा त्या टपरीवर होतो. मुलांनी हात वर केले तेव्हा माझ्या बाजूचे सगळे हसले. मी हसलो नाही, असे तुम्हाला सांगायला मला आवडले असते.

पुढे कधीतरी गॅरेज बंद दिसले. तो कुठे गेला हे मी विचारले नाही.

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल की याने सगळे सांगितले. मलाही लिहिताना क्षणभर तसेच वाटले. हे सगळे अर्धे खरे बोलण्याचे पाप आहे — मांडवात एक वाक्य कमी बोललो, एवढे. इतपत कबूल करणारा माणूस बरा दिसतो, नाही का? वाक्ये कुठे थांबवायची ते मला कळते. माझे पोट त्यावरच चालले.

पण एक राहिले आहे.

चौकशी संपल्यावर मी मांडवाच्या मागून सायकल काढायला गेलो, तिथे दौलत उभा होता. एकटा. वस्तीतली माणसे टेम्पोत जाऊन बसली होती. मला वाटले हा आता मारणार. त्याने मारले नाही. आवाजही चढवला नाही — मी त्याला हळू बोलताना पहिल्यांदाच ऐकले. तो म्हणाला की निकाल झाला तो झाला, आता निकाल बदला असे तो म्हणत नाही, मेजरसाहेबांकडे चला असेही म्हणत नाही.

"फक्त मला सांगा," तो म्हणाला. "इथं कोणी नाय. हात वर होता ना?"

तिथे समिती नव्हती. वही नव्हती. झेंडा दिला की नाही असा सोयीचा प्रश्नही नव्हता. त्याने नेमका तोच प्रश्न विचारला होता ज्याचे खरे उत्तर एकच होते, आणि ते देऊन माझे काहीही बिघडणार नव्हते. त्याला ते कोणाला दाखवता आले नसते. त्याला ते फक्त स्वतःसाठी हवे होते — आपले डोळे शाबूत आहेत, एवढे कळण्यासाठी.

मी त्याच्याकडे पाहिले. सायकलचे कुलूप काढले.

"नव्हता," मी म्हणालो.

हेच ते. बाकी सगळे त्याच्याभोवती घातलेले कुंपण आहे.

का म्हणालो? यावर मी पुष्कळ विचार केला आहे. एकदा मांडवात गप्प राहिल्यावर बाहेर खरे बोलणे म्हणजे आतले गप्प राहणे कबूल करणे — असे काहीतरी कारण मी बरीच वर्षे धरून होतो. ते चांगले रचलेले कारण आहे. खरे आहे का, मला माहीत नाही. त्या क्षणी मला एवढेच वाटले होते की हा माणूस सकाळी सगळ्यांसमोर माझ्यावर हसला होता. झेंडा का पेन. त्याचे बरोबर ठरले होते, आणि तेच मला सहन होत नव्हते.

त्याने मान हलवली. वाद घातला नाही. टेम्पोकडे गेला.

काही वर्षांनी, त्याच दशकाच्या उत्तरार्धात, आम्ही कचेरीच्या जीपने नांदगावला एका कार्यक्रमाला चाललो होतो. मी, आणि निकम नावाचे आमचे ड्रायव्हर. चांदवडच्या अलीकडे, महामार्गावर, जीप बंद पडली. कांद्याचा हंगाम होता. गोण्यांनी लादलेले ट्रक एकामागून एक चालले होते. रस्त्याच्या कडेला पत्र्याची शेड होती, ट्रकच्या दुरुस्तीची, आणि शेजारी एका बाईंचे चहाचे दुकान. निकम शेडमधून मेकॅनिकला घेऊन आले.

दौलत होता. जाड झाला होता. केस पांढरे झाले होते. मी त्याला ओळखायच्या आधी त्याने मला ओळखले.

"पेपरवाले," तो म्हणाला. "या. बसा."

त्याने बॉनेट उघडले. काम करताना बोलला नाही — हे नवीन होते. तारा जोडल्या, काहीतरी घासले, आणि म्हणाला की बॅटरी मेली आहे, ढकलून सुरू करा, सुरू झाली की नांदगावपर्यंत बंद करू नका. निकम स्टिअरिंगवर बसले आणि त्याला म्हणाले, द्या मग धक्का. दौलत हात पुसत बाजूला झाला.

चहावाल्या बाई दुकानातूनच म्हणाल्या, "मिस्त्री ढकलायचा नाय, भाऊ. बाकी काय बी सांगा त्याला. इंजिन उतरवून देईल एकटा. पण गाडीला मागून हात लावत नाय. लय जणांनी सांगून पाह्यलं."

दौलत हसला नाही, रागावलाही नाही. त्यांच्या ट्रकवाल्यांच्या जगात ती एक ठरून गेलेली गोष्ट असावी. तो मला म्हणाला, आधी चहा घ्या, घाई काय. आम्ही बाकावर बसलो. त्याने घरचे विचारले. मी सांगितले. त्याची मुलगी चांदवडला शाळेत होती, हुशार होती. मग रस्त्याकडे बघत तो आपणहून म्हणाला:

"त्या दिवशी ऊन लय होतं. लय वर्षं मी म्हणत होतो, हात वर होता. मारामाऱ्या केल्या त्याच्यापायी. मग एक दिवस बसलो अन् विचार केला. झेंडेवाल्याला तर काय शिक्षाच नव्हती. मग तुम्ही कशाला खोटं बोलाल? तुम्हाला काय मिळणार होतं? काहीच नाय. म्हणजे मलाच दिसलं चुकीचं. पोराचा पाय गेला तो माझ्यानं."

"एकदा असं ठरवलं ना, मग झोप लागायला लागली," तो म्हणाला. "पण ढकलायला हात होत नाय."

माझ्या हातात कप होता. चहा अर्धा होता. मी तो संपवला.

मी उठून जीपच्या मागे गेलो. निकमांनी गिअर टाकला. मी दोन्ही हात मागच्या फळीला लावले. दौलत रस्त्याच्या कडेने थोडा मागे चालत गेला, जिथून मागचा सगळा रस्ता दिसत होता, आणि तिथे उभा राहिला. हात त्याने खाली ठेवला होता. कांद्याचा एक ट्रक गेला. मग दुसरा गेला. त्यामागे एक एसटी होती, ती गेली. त्याने पुन्हा एकदा मागे वळून पाहिले.

मग त्याने हात वर केला.

मी मान खाली घातली आणि ढकलले. जीप सुरू झाली.